कर्मचाऱ्याशी नाते

येशू, मारिया, योसेफ

बुसैतीन, बहरीन
ता. ९ मार्च १९८३

ती. फ्लोरीबाय हिस,
आलूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र, बाटली मसाला आणि त्याबरोबर पाठवलेला उपदेश, तिन्ही सुखरूप पोचले. मसाला संपत आला आहे, उपदेश अजून पुष्कळ शिल्लक आहे.

इकडे आम्ही सर्व खुशाल. डेन्झिल तीन महिन्यांचा झाला. नाक बाबांचे, आवाज मात्र तुझा. तू वर्गात शिरलीस की पोरी जशा गप्प होत, तसे आम्ही त्याच्यापुढे होतो. मेबल आली म्हणून रीटाला हॉस्पिटलची ड्यूटी पुन्हा धरता आली, नाहीतर नोकरी सोडावी लागली असती. मेबलचे मन इथे छान रमले आहे. शेजारी श्रीवर्धनची हमीदा म्हणून एक बाई आहे, तिच्याशी मराठीत बोलून घेते. मेबलचे रेसिडेन्सचे कार्डही झाले. बहिणीचा व्हिसा मिळत नाही, म्हणून घरकामवालीचा केला. इथे सगळेच तसे करतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता कामाचे. आमच्या अमेरिकन कंपनीने यंदापासून एक योजना काढली आहे. मूल सांभाळण्याचा खर्च आणि घरातल्यांच्या औषधपाण्याचा खर्च, यासाठी दोन वेगळी खाती. दर महिन्याला मी पगारातून जितके टाकीन तितकेच कंपनी टाकणार. पावती दाखवली की पैसे हातात. एक अट आहे, एकतीस डिसेंबरपर्यंत जे खर्च होणार नाही ते बुडाले, कंपनीकडे गेले. मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार तीस दिनार धरतात. पंधरा माझे, पंधरा कंपनीचे.

अडचण एवढीच की सांभाळणारी बाई नात्यातली असता कामा नये. फॉर्मवर एक रकाना आहे, 'कर्मचाऱ्याशी नाते'. तिथे मी 'नाही' लिहिले आहे. आडनाव एकच कसे, असे साहेबाने विचारले. आमच्या नंदाखालमध्ये निम्मी घरे लोपीस आहेत असे सांगितले, आणि ते खोटे नाही. तरी त्याला गावच्या कुणा जबाबदार माणसाचा दाखला हवा आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेहून जबाबदार कोण? मेबल तुझ्या बालवर्गात मदतनीस होती आणि आमचे तिचे नाते नाही, एवढ्या दोन ओळी शाळेच्या कागदावर, शिक्क्यासह.

बाय, कंपनीचे पंधरा दिनार दर महिन्याला मेबलच्या पोस्टाच्या पुस्तकात जातील. तिच्या म्हातारपणाची सोय होईल. याहून मला काही नको.

लोभ आहेच, त्यात दाखल्यापुरती भर घालावी ही विनंती.

तुझा,
आलोशियस

*

येशू, मारिया, योसेफ

नंदाखाल, वसई
ता. २८ मार्च १९८३

चि. आलू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. एकदा बहीण म्हणून, एकदा मुख्याध्यापिका म्हणून, आणि तिसऱ्यांदा तुझे शुद्धलेखन तपासायला. तिन्ही वेळा राग आला.

एकतीस वर्षे मी शाळेत आहे. जन्मतारीख चार महिने मागे घ्या म्हणून लोक आले, कोंबड्या घेऊन आले, एकजण तर फादरांची चिठ्ठी घेऊन आला. कुणाचीही तारीख मी हलवली नाही. तुझी स्वतःचीही नाही, आणि त्यापायी तुझे एक वर्ष वाया गेले, हे तू अजून विसरलेला नाहीस.

तरी दाखला सोबत जोडला आहे. का जोडला ते नीट समजून घे. मी बी.ए., बी.टी. झाले ते मेबलने सातवीतून शाळा सोडून आईचे अंथरूण सांभाळले म्हणून. तू टायपिंग शिकून परदेशी गेलास, तेव्हा बाबांच्या केळीच्या बागेला पाणी तीच लावत होती. लग्नाचे तिचे वय आपण सगळ्यांनी मिळून निघून जाऊ दिले. तिच्या नावावर या जगात काही असावे असे मला वाटते. त्यासाठी मी हा एक कागद खोटा लिहिला. पुन्हा लिहिणार नाही.

पुस्तक मी पोस्टात उघडले आहे, माझ्याजवळ राहील. दर महिन्याची नोंद मी बघेन. चुकली तर कारण विचारीन.

दाखल्यावर सही करताना शिपाई समोर उभा होता. शिक्क्याची शाई सुकेपर्यंत त्याच्याकडे बघवेना. हे तुला कळावे म्हणून लिहिते.

रीटाला आणि बाळाला आशीर्वाद. मेबलला सांग, दुपारी तासभर आडवी हो. ती होणार नाही, तरी सांग.

लोभ ठेवण्यापेक्षा शब्द ठेवलास तर जास्त आनंद होईल.

तुझी,
फ्लोरीबाय

*

येशू, मारिया, योसेफ

बुसैतीन
ता. १९ ऑगस्ट १९८४

ती. बायस मेबलचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावलीस तरी तू तिकडे आहेस.

डेन्झिल आता घरभर धावतो. त्याला माझ्याशिवाय झोप येत नाही. रीटा सकाळच्या शिफ्टला गेली की आम्ही दोघे मागच्या दारी बसतो. उकडते इतके की नळाचे पाणी दुपारी चहाला चालेल. मासळी मात्र चांगली मिळते. परवा मी हमीदाला बोंबील कसे सुकवतात ते सांगत होते, तर ती म्हणाली की श्रीवर्धनच्या बाईला वसईच्या बाईने बोंबील शिकवायचे नसतात. मग दोन दिवस अबोला धरला आम्ही. तिसऱ्या दिवशी तीच वाटीभर कालवण घेऊन आली. डेन्झिलने वाटी उपडी करून खलास असे जाहीर केले. अरबी, मराठी, इंग्रजी, सगळे एकदम बोलतो.

दर महिन्याच्या शेवटी आलू एक कागद आणतो, त्यावर मी सही करते. तीस दिनार मिळाले असे त्यात लिहिलेले असते. आलू म्हणतो पैसे तुझ्याकडच्या पुस्तकात जातात, मग मला काय करायचेत हातात. कपडे रीटा देते. चर्चला जाताना दानाच्या थाळीत टाकायला नाणे देते.

डोके मधून मधून दुखते. रात्री दिव्याभोवती रंगाचे कडे दिसते, चंद्राला खळे पडते तसे. सुंदर दिसते गं. वय झाले, दुसरे काय, पन्नाशीला दोनच वर्षे राहिली.

घरावर वरचा मजला चढतो आहे असे आलू म्हणाला. स्लॅब पडली की फादरांना बोलावून घर आशीर्वादित करून घे. पिठाचे फुगे तळ. माझ्या वाटणीचे दोन हमीदाच्या भावाबरोबर पाठव, तो पुढच्या महिन्यात येतोय.

आठवण काढतेस तशी काढत राहा.

मेबल

*

येशू, मारिया, योसेफ

नंदाखाल
ता. १२ सप्टेंबर १९८४

चि. मेबल हिस आशीर्वाद.

फुगे पाठवले आहेत. पोचेपर्यंत दगड होतील, चहात बुडवून खा.

दिव्याभोवती कडे दिसते ते सुंदर नसते. आपल्या आईलाही दिसत होते, तू विसरलीस का? ताबडतोब डोळ्याच्या डॉक्टरला दाखव. घरात नर्स आहे, तिला सांगायला लाजतेस कशाला? मी रीटाला वेगळे लिहीत नाही. लिहिले की तिला वाटते मी तिची परीक्षा घेते.

पोस्टाच्या पुस्तकात गेल्या वर्षीच्या एप्रिल, मे, जून अशा तीन नोंदी आहेत. नंतर एकही नाही. आलूला दोनदा विचारले. पहिल्यांदा म्हणाला बँकेचा घोळ आहे, दुसऱ्यांदा म्हणाला एकदम भरणार. तू त्याला तोंडाने विचार. सही करण्यापूर्वी विचार, केल्यावर नको.

स्लॅब पडली. घर थंड झाले आहे. आशीर्वादाला सगळे गाव आले होते, तुझी चौकशी करत होते.

उत्तर लवकर आले तर मी सुखी, न आले तर तुला माहीत आहे मी कशी असते.

फ्लोरीबाय

*

येशू, मारिया, योसेफ

बुसैतीन
ता. ४ जानेवारी १९८६

ती. फ्लोरीबाय हिस,
आलूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

नाताळ चांगला गेला. धावपळ मात्र फार झाली. औषधपाण्याच्या खात्यात एकशे नव्वद दिनार उरले होते, एकतीस तारखेला बुडणार. तुला सांगतो, डिसेंबरात आमचे अर्धे ऑफिस दाताच्या डॉक्टरच्या दारात होते. रीटाने दोन दातांना टोप्या बसवून घेतल्या. मी चष्मा केला, एक वाचायचा आणि एक लांबचा. डेन्झिललाही दाखवले. डॉक्टर म्हणाला दात किडलेले नाहीत, तर आम्ही म्हटले निदान साफ तरी करा. शेवटचे अकरा दिनार उरले ते रीटाने ताकदीच्या गोळ्यांत घातले. एक फिल्स कंपनीला परत जाऊ दिला नाही.

आता मेबलचे. तू विचारतेस म्हणून स्पष्ट लिहितो. तिला काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने बाजूचे दिसत नाही, आणि डावाही त्याच वाटेवर आहे. रीटाने तिच्या हॉस्पिटलात दाखवले, थेंब चालू आहेत. ऑपरेशनचा नंबर जूनमध्ये आहे. खाजगी डॉक्टर आठवड्यात करतो, पण दोनशे दिनार मागतो.

ते पैसे खात्यातून का नाही दिले असे तू विचारशील. बाय, तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला हे समजायला हवे. त्या खात्यात बायको, मूल, आणि आपल्यावर अवलंबून असलेले आईबाप, बहीणभाऊ बसतात. कामवाली बसत नाही. आज तिला बहीण म्हणून लिहिले तर तीन वर्षांच्या पावत्या खोट्या ठरतात. पैसे परत द्यावे लागतील आणि नोकरीही जाईल. नोव्हेंबरात तर कंपनीची एक इंग्रज बाई घरी पाहणी करून गेली. त्यासाठी आम्ही डेन्झिलला आठवडाभर शिकवले की आत्या म्हणायचे नाही, मेबल म्हणायचे. त्याने छान म्हटले. फक्त आता ते सुटत नाही. येता-जाता मेबल, मेबल. मेबल स्वतःच हसते त्याला.

मुंबईला पाठव म्हणशील तर डेन्झिल मार्चपर्यंत कुणाकडे ठेवायचा? नर्सरीत तेव्हा घेतात. जूनपर्यंतचा प्रश्न आहे. इंशाल्ला काही होत नाही.

तुझा राग ओळखून आहे, तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

आलोशियस

*

बुसैतीन
ता. १७ जानेवारी १९८६

फ्लोरीबाईंना हमीदा परकारचा सलाम.

हे पत्र मेबलआपा सांगतात आणि मी लिहिते. माझी मराठी सातवीपर्यंतची आहे, तुम्ही मास्तरीण, तेव्हा चुका पोटात घाला.

आपा सांगतात की त्या मजेत आहेत. डोळ्यात थेंब घालतात, बरे वाटते. थंडी पडली आहे. डेन्झिल दिवसभर गाणी म्हणतो. बायने काळजी करू नये, आलूला रागावून लिहू नये, त्याच्यावर फार ओझे आहे. आपल्या घराच्या वरच्या मजल्याला खिडक्या कोणत्या रंगाच्या लावल्या ते कळवावे. इति मेबल.

आता आपा पोराला झोपेतून उठवायला आत गेल्यात, तेवढ्यात माझे लिहिते. हे त्यांनी सांगितलेले नाही.

त्या पत्र मला का सांगतात, हे तुम्हाला कळले असेल. त्यांना ओळ दिसत नाही. गेल्या शुक्रवारी चहा ओतताना कप बाजूला राहिला आणि चहा टेबलावर. रीटाभाभी ओरडल्या. डाव्या बाजूने कोणी आले तर दिसते, उजव्या बाजूने आले तर दचकतात. मूल रस्त्याकडे धावले तर काय, या भीतीने त्यांनी त्याच्या कमरेला ओढणी बांधून दुसरे टोक मनगटाला बांधले आहे.

मी आलोशियसभाईंना बोलले. ते म्हणाले घरच्या गोष्टी घरात राहू द्या. मी म्हटले, घरच्या माणसाचे आहे म्हणूनच बोलते. त्यांनी दार लावले. पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे. आपांच्या हातात पाच दिनारही नाहीत, नाहीतर मीच टॅक्सीत घालून डॉक्टरकडे नेले असते. माझ्या घरवाल्याचा ड्रायव्हरचा पगार, दोनशे दिनार आमच्याकडून होत नाहीत.

तुम्ही मोठ्या आहात. तुमच्या शब्दाला वजन असेल तर ते आत्ता टाका. जूनला उशीर होईल.

तुमची माया आपांवर आहे, त्यातली थोडी मलाही द्या.

हमीदा

*

येशू, मारिया, योसेफ

नंदाखाल
ता. ६ फेब्रुवारी १९८६

आलोशियस,

आशीर्वाद लिहिण्याची इच्छा होत नाही. पुढे झाली तर लिहीन.

तुझ्या डोळ्यांना दोन चष्मे झाले आणि तिच्या डोळ्यांना थेंब. हे तू मला नाताळची बातमी म्हणून कळवलेस. किडीशिवायचे दात साफ केलेस, कारण पैसे बुडत होते. बहिणीची नजर बुडत होती तिला मात्र जूनपर्यंत सवड दिलीस. यात काही चुकले असे तुला लिहितानाही वाटले नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. तुला मी वाचायला शिकवले आहे.

पोस्टाच्या पुस्तकात आजही तीनच नोंदी आहेत. मी हिशेब विचारीत नाही, मान वर करून बघते. स्लॅब माझ्या डोक्यावर आहे. दीड वर्ष मी तिच्या गारव्यात झोपले आणि ती तुझ्या कमाईची आहे असे लोकांना सांगितले. माझाही वाटा या पापात आहे, तो मी नाकारत नाही. खोट्या कागदावर शिक्का माझा आहे.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. फंडाचे पैसे मुदतीत अडकलेत. काकणे विकून तिकीट पाठवते असे तुला दोनदा लिहिले, तुझे उत्तर आले की मार्चपर्यंत पोर कुणाकडे ठेवायचे. तेव्हा जे माझ्या हातात होते ते मी केले. काल तुमच्या कंपनीला रजिस्टर पत्र टाकले. मेबल लोपीस ही आलोशियस लोपीसची सख्खी बहीण आहे, माझीही सख्खी बहीण आहे, मार्च त्र्याऐंशीचा दाखला मी खोटा दिला, तो परत घेते, आणि तिला अवलंबून असलेली बहीण समजून तिच्या डोळ्याचा खर्च मंजूर व्हावा, असे लिहिले. निवृत्त झाले तरी माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ दे.

तुझी नोकरी जाईल. मला माहीत आहे. दुसरी मिळेल. रीटाला पगार आहे. डोळा दुसरा मिळत नाही.

या पत्राची पोच नको. ऑपरेशन झाल्याचे कळव.

फ्लोरी

*

येशू, मारिया, योसेफ

नंदाखाल
ता. १४ एप्रिल १९८६

चि. मेबल हिस अनेक आशीर्वाद.

दोन महिने झाले, तिकडून कुणाचेही पत्र नाही. हमीदाबाईंना लिहिले, त्यांनी फक्त एवढेच कळवले की तुमची बहीणच सांगेल.

आज कंपनीचे उत्तर आले. चार ओळी. आपल्या पत्राची समक्ष चौकशी केली. संबंधित महिलेने स्वतः कर्मचाऱ्याशी नाते असल्याचे नाकारले आहे. कंपनी हे प्रकरण बंद करत आहे. कौटुंबिक किंवा गावातील भांडणांत कंपनीला ओढू नये, ही विनंती.

तेहतीस वर्षे माझी सही पाहून लोक मुलांची नावे दाखल करत होते. आज एका कारकुनाने मला भांडकुदळ ठरवले. ते मी सहन करीन. पण तू नाकारलेस? कुणी धमकावले? पासपोर्ट दाखवून धमकावले का? रीटा काही बोलली का? तुला प्रश्न समजला तरी होता का?

मी चर्चमध्ये तुझ्यासाठी नोव्हेना धरली आहे. नऊ दिवस संपण्याआधी पत्र टाक.

तुझी वाट बघणारी,
बाय

*

येशू, मारिया, योसेफ

सनद, बहरीन
ता. २५ मे १९८६

फ्लोरीबाय हिस मेबलचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षरे मोठी आहेत आणि ओळी खाली उतरतात, पण माझ्या आहेत. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन एप्रिलमध्ये झाले. डॉक्टर म्हणाला, आहे तेवढे राहील. उजवा गेला. जानेवारीत केले असते तर थोडा वाचला असता, असेही म्हणाला. मी विचारले म्हणून म्हणाला.

तू विचारतेस, धमकावले का. नाही. तुझे पत्र पोचल्यावर ती इंग्रज बाई पुन्हा आली. बरोबर ऑफिसमधली अकीला नावाची हैदराबादी मुलगी होती, हिंदीत विचारायला. आलू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डेन्झिल माझ्या मांडीवर. अकीलाने विचारले, ये आपके भाई हैं क्या? प्रश्न मला नीट समजला. मी नाही म्हटले. यहाँ काम करती हूँ, असे म्हटले.

आलूची नोकरी वाचवायला म्हटले, हे खरे. पण तुझ्याशी खोटे बोलत नाही. ते म्हणताना मला ते खोटे वाटले नाही. तीन वर्षे सगळे कागद तेच सांगत होते, पोरही तेच सांगत होते.

मग त्या बाईने विचारले, पगार वेळेवर मिळतो का. मी हो म्हटले. ती म्हणाली जूनमध्ये पुन्हा येईन.

त्या गेल्यावर आलूने माझे पाय धरले. रीटाने चहा करून आणला, तीन वर्षांत पहिल्यांदा. तो मी प्यायले. मग कप खाली ठेवून म्हटले की छत्तीस पावत्यांवर माझी सही आहे, दर पावतीवर तीस दिनार आहेत, ते मला दे. रीटा हसली, तिला वाटले मी गंमत करते. आलू म्हणाला, घरच्या माणसात पगार कसला. मी म्हटले, घरचे माणूस कोण आहे इथे? आत्ताच सांगितले ना मी, आणि तू ऐकलेस. ती बाई जूनला येणार आहे, तिला काय सांगू ते तू ठरव.

रात्रभर दोघे बोलत होते. सकाळी आलू म्हणाला, तू असे करशील वाटले नव्हते. मलाही वाटले नव्हते. आठ दिवसांत त्याने चारशे दिनार आणून दिले. कुठून आणले ते विचारले नाही. त्यातलेच दोनशे डोळ्याच्या डॉक्टरला दिले. बाकीचे महिना चाळीस देणार आहे. पासपोर्ट मागितला, दिला. दुसरीकडे काम करायला हरकत नाही असा कागद मागितला, तोही दिला. त्यावर सही करायला तो पेन शोधू लागला. मी पेन धरून दिले. माझा भाऊ आहे तो, काही झाले तरी. ते कागदावर नसले म्हणून काय झाले.

इथे सनदला मुनीराबाई म्हणून शाळेत शिक्षिका आहेत, त्यांच्या दोन मुली सांभाळते. पगार पंचेचाळीस, माझ्या हातात. शुक्रवारी सुटी. डॉक्टरकडे जायचे असले तर जा म्हणतात. हमीदानेच लावून दिले. तिच्याशी अजून बोंबलावरून भांडते.

तुझ्या मनात येईल की मी घरी का आले नाही. तिकीट काढण्याइतके पैसे होते. पण बाय, घरी म्हणजे तुझ्या घरी. त्या स्लॅबखाली मला कुठल्या कोपऱ्यात झोपायचे ते तू ठरवणार, डोळ्यात थेंब कधी घालायचे ते तू ठरवणार. तू वाईट वागणार नाहीस. तू चांगलेच वागशील आणि मला विचारणार नाहीस. दाखला दिलास तेव्हा विचारले नाहीस. पुस्तक उघडलेस आणि स्वतःजवळ ठेवलेस. कंपनीला पत्र टाकलेस तेव्हाही आधी मला विचारले नाहीस, की मेबल, तुझ्या डोळ्यासाठी भावाची नोकरी घालवू का? मी काय म्हटले असते कुणास ठाऊक. पण विचारायला हवे होते. तुम्ही दोघे शिकलेले. एकाने मला लिहून परके केले, दुसरीने लिहून पुन्हा सख्खे केले. मी दोन्ही वेळा भांडी घासत होते.

तू माझ्यासाठी रडली असशील, मला माहीत आहे. मीही रडते, पण डॉक्टरने मना केले आहे. सहा आठवडे मफी, म्हणजे अजिबात नाही, म्हणाला.

पोस्टाचे पुस्तक रजिस्टरने पाठवून दे. त्यातले पंचेचाळीस दिनारांचे रुपये मी काढणार आहे.

पत्ता वर लिहिला आहे. उत्तर तुला वाटले तर दे. लोभ पूर्वीसारखाच असू दे असे लिहायचा हात होत नाही. नव्याने जमला तर बघू.

मेबल लोपीस